पाळलेलं कोण, कोंडलेलं कोण?

बकरी ईदला अठरा दिवस उरले होते, तेव्हा आमच्या अंगणात बोकड आला. मुलाच्या अब्बांनी तो जिंतूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणला होता. वर्ष ओलांडलेला, दोन दात आलेला, काळाभोर, कपाळावर तेवढा रुपयाएवढा पांढरा ठिपका. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईपर्यंत आमच्या धाकट्याने त्याचे नाव ठेवूनही टाकले होते, बादल. काळ्या बोकडाला बादल का, असे विचारले तर म्हणाला, "पावसाचे ढग काळेच असतात ना!"

रात्री झोपताना त्याने विचारले, "अम्मी, बादल आता आपला ना?"

मी म्हटले, "हो."

"मानोसारखा?"

मानो म्हणजे आमची मांजर. मी पुन्हा 'हो' म्हणणार होते, पण जीभ अडली. बादल मानोसारखा नव्हता, हे मला माहीत होते आणि बहुधा त्यालाही. त्या एका प्रश्नाने पुढचे अठरा दिवस मला बरेच वाचायला आणि विचार करायला लावले. त्यातले जे हाती लागले, ते आपल्या घराघरांत उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

मराठीत आपण एकच शब्द वापरतो, पाळणे. शेळी पाळतो, मांजर पाळतो, कोंबड्या, कबुतरे, पोपट, सगळे पाळतोच. (दिलेला शब्दही पाळतो, पण तो विषय निराळा.) तरी आपल्याच भाषेत आणखी एक नेमका शब्द आहे, माणसाळणे. हत्ती माणसाळतो, पण हत्ती ही पाळीव जात नाही. जंगलातून धरून आणलेला एक हत्ती माणसाच्या हुकमात येतो, पण म्हणून त्याची जात बदलत नाही. शेळीचे तसे नाही. तिच्या कित्येक हजार पिढ्या माणसाच्या दावणीला जन्मल्या आणि त्या मुक्कामात तिचा स्वभाव, तिचे शरीर, दोन्ही बदलले. करडू जन्मल्यापासूनच माणसाला बिचकत नाही. पाळीव ते हे.

आपल्या परभणी जिल्ह्यात जी शेळी गल्लोगल्ली दिसते, ती बहुतेक उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, शेळीचे मात्र जुनेच राहिले आहे. रंगाने बहुतेक काळी, उंच पायांची, लोंबत्या कानांची. जुळी करडे देणे हा तिचा मोठा गुण. मांसासाठी चांगली आणि लेकराबाळांच्या चहापुरते दूधही देणारी. कोरडवाहू मुलखात म्हैस सांभाळणे सगळ्यांना जमत नाही. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे गवत यांवर शेळी निभावून नेते. म्हणून तिला गरिबाची गाय म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात दोन-चार शेळ्यांच्या जोरावर लेकींची लग्ने केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

ही शेळी माणसाकडे आली कुठून? इराणच्या पश्चिमेला झाग्रोस नावाची डोंगररांग आहे. तिथे गंज दारेह या ठिकाणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची शेळ्यांची हाडे सापडली. हाडे शिकारीची की पाळलेल्या जनावरांची, हे ओळखायचे कसे? संशोधकांनी त्यासाठी त्या जनावरांची वये आणि लिंग तपासले. शिकारी समोर येईल ते सगळ्यात मोठे जनावर मारतो. गंज दारेहच्या ढिगाऱ्यात मात्र नर बहुतेक कोवळ्या वयाचे होते आणि माद्या बऱ्याच वयस्क. म्हणजे कुणीतरी हिशोबाने नर कापत होते आणि वंश वाढवायला माद्या राखत होते. हे वाचले आणि मला जिंतूरचा तो शेतकरी आठवला. त्याचाही हिशोब हाच आहे, पाट ठेवायची, बोकड ईदला विकायचा. दहा हजार वर्षांत त्यात फरक पडलेला नाही.

बादलच्या खोड्या पहिल्याच दिवशी सुरू झाल्या. शेळी काहीही खाते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिच्याइतके चोखंदळ जनावर नाही. सुबाभळीचा पाला जमिनीवर टाकला तर बादल त्याला फक्त नाक लावी. एकदा पायाखाली आला की तो पाला त्याच्या लेखी संपला. तोच पाला खिडकीच्या गजाला उंच बांधला की मागच्या दोन पायांवर उभा राहून फस्त करी. शेळी मुळात डोंगरातली. खाली वाकून चरण्यापेक्षा मान वर करून झुडपे ओरबाडण्यात तिला गोडी. पावसाचे तिला वावडे. दोन थेंब पडले की असा गळा काढणार, जणू कुणी जीव घेतो आहे. वाळत घातलेली ओढणी दिसली की चावून पाहणार. वरचा ओठ हाच तिचा हात, तो लावून ती वस्तूची पारख करते. माझी एक ओढणी या पारखीत गेली.

मुलाला सगळ्यात नवल वाटले ते डोळ्यांचे. शेळीची बाहुली गोल नसते, आडवी चौकोनी फट असते. "अम्मी, मान खाली घातली की ही फट उभी व्हायला पाहिजे ना? होत नाही बघ!" त्याचे निरीक्षण बरोबर होते. शेळीने चरायला मान झुकवली की तिचे बुबुळ खोबणीतल्या खोबणीत फिरते आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी हे मोजले, तेव्हा डोळा पन्नास अंशांपर्यंत फिरतो असे आढळले. खाताखाता चारी बाजूंनी लांडगा येतो का, ते तिला दिसत राहावे अशी ही रचना आहे. लांडगा नसलेल्या आमच्या अंगणातही ती कामावर हजर होती.

आणखी एक गोष्ट. मी पेंडीच्या डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवले होते. बादलने ते नाकाने ढकलून पाहिले, खुराने खरवडले आणि मग मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिले. पुन्हा डब्याकडे, पुन्हा माझ्याकडे. मी हसले, पण नंतर वाचले की लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. न उघडणाऱ्या डब्यात खाऊ ठेवला की शेळ्या समोरच्या माणसाकडे मदत मागितल्यासारख्या पाहतात. माणूस पाठमोरा असेल तर कमी पाहतात. हे कुत्र्याघोड्यांत माहीत होते, शेळीकडून कुणी अपेक्षिले नव्हते. ज्याने कधी एक शेळी सांभाळली आहे त्याला विचारले असते तरी चालले असते!

मानोची कहाणी अगदी उलटी आहे. तिला आम्ही आणले नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती मागच्या भिंतीवरून आली, गव्हाच्या कोठीमागे तिने तीन पिल्ले घातली, आणि पिल्ले मोठी होऊन गेली तरी ती राहिली. मांजरांची सगळी जातच माणसाकडे अशी आली आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारांत धान्य साठले, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. माणसाला उंदीर मारणारे कुणीतरी हवेच होते, त्याने हाकलले नाही. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, तिची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाच्या शेजारी, वीतभर-दोन वीत अंतरावर मांजराचा सांगाडा होता. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हतीच, म्हणजे कुणीतरी होडीतून नेलेले हे मांजर. आपल्या मराठवाड्यात ज्वारीची पेवे आणि कणग्या होत्या तोवर मांजराला घरात मानाची जागा होती. माझी दादी रात्री धान्याच्या खोलीचे दार मांजरीपुरते किलकिले ठेवी.

मांजराला वंशाने फारसे बदलावे लागले नाही, त्यामुळे ती आजही अर्धी रानातली आहे. तिच्या सवयी पाहा. मोठी मांजरे एकमेकांशी बोलताना सहसा म्याव म्हणत नाहीत. म्याव हे पिल्लांनी आईला मारलेली हाक. मोठेपणी ती हाक जवळजवळ आपल्यासाठीच राखलेली असते. मानो माझ्या मांडीवर बसण्याआधी दोन्ही पंजांनी कणीक मळल्यासारखे करते, तेही आईच्या पोटाला पंजे दाबून दूध पिण्याची बालपणची सवय. गोड चव तिला कळतच नाही. त्यासाठी लागणारा जनुक मांजराच्या जातीत निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. शीरखुर्म्याच्या पातेल्यात तिने तोंड घातले तर ते साखरेसाठी नव्हे, सायीसाठी. तरी मोठ्या मांजराला दूध बेतानेच द्यावे, पुष्कळ मांजरांना ते पचत नाही. पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग एकत्र असतील तर ती जवळपास नेहमी मादीच असते. आणि पावसाळ्यात परसात उगवणारी खोकली नावाची वनस्पती उपटून तिचे मूळ मांजरापुढे टाकून बघा. मानो त्या मुळावर अशी लोळते की म्हाताऱ्या मांजरीची अक्कल कुठे गेली, असे वाटावे.

मांजर तुमच्याकडे बघून हळूच डोळे मिटते आणि उघडते, तो तिचा विश्वासाचा इशारा असतो. तुम्हीही तसेच डोळे मिटून उत्तर दिले तर ती जवळ येण्याची शक्यता वाढते, असे २०२० मध्ये इंग्लंडातल्या अभ्यासकांनी दाखवले. आमच्या धाकट्याने दोन दिवस हाच उद्योग केला.

मांजराशी आपले नाते काय, हे सांगणारी एक हदीस मला फार नेमकी वाटते. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सुनेने त्यांना वजूसाठी पाणी ओतून ठेवले. एक मांजर येऊन पाणी पिऊ लागली, तर त्यांनी भांडे तिच्यासाठी कलते केले. सून चकित होऊन पाहत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषितांनी (स.) मांजराला नापाक म्हटलेले नाही, ती तुमच्या घरात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. ये-जा करणारी! मालकीची नव्हे, बांधलेली नव्हे. ती दुसरी हदीसही सगळ्यांना ठाऊक आहे, मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिचा गुन्हा सांगताना दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. तिने स्वतः खायला घातले नाही आणि बाहेर जाऊन तिला तिचे मिळवूही दिले नाही. ही दुसरी गोष्ट आपण पटकन विसरतो. तिच्याकडे पुढे येणारच आहे.

घरात मांजर असणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. तिला बरे नाही म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीनेही मांजर मरते. कांदा-लसूणही तिला विषारी. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्याने साफ करावी, कारण तिच्यातून पोटातल्या बाळाला बाधणारा जंतू येऊ शकतो. मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले तर साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवून डॉक्टरांकडे जावे. रेबीज फक्त कुत्र्यामुळेच होतो, हा समज चुकीचा आहे.

कुत्र्याविषयी वाचक विचारतीलच. माणसाच्या सहवासात सगळ्यात आधी आलेला प्राणी तोच, लांडग्याच्या वंशातला, निदान पंधरा हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या घरांत तो आत नसतो. शिकार, कळप आणि शेताची राखण यांसाठी मुभा आहे, आणि शेतावर राहणाऱ्या आपल्या लोकांकडे तो असतोही. पण तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोजा भरून पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस सांगून मग दारातल्या कुत्र्याला दगड मारणारी माणसे मी पाहिली आहेत. मे महिन्यात परभणीचा पारा कुठे जातो ते आपण जाणतो. फाटकाबाहेर एक कुंडी भरून ठेवायला काही लागत नाही.

चौथ्या रात्री बादल आजारी पडला.

दोष कुणाचाच नव्हता, किंवा सगळ्यांचाच होता. ईदचा बोकड म्हणजे साऱ्या मोहल्ल्याचा पाहुणा. शेजारची मुले पाव आणत, कुणी उरलेला भात, कुणी भाकरी. आमच्याच घरातून कुणीतरी गव्हाचा भरडा पाटीभर घातला होता, ईदपर्यंत अंगावर भरावा म्हणून. रात्री अकराला त्याची डावी कूस ढोलासारखी फुगली, दात खाऊ लागला, रवंथ बंद. सकाळी रिक्षात घालून पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "भाकरी, भात किती खाल्लाय?" ईदच्या आधी असे बोकड येतातच, म्हणाले.

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव पाला-गवत आंबवतात, आणि शेळी तेच वर आणून निवांत रवंथ करते. हे जीव चाऱ्याला सरावलेले असतात. त्यांच्यावर अचानक धान्याचा, भाताचा, पावाचा मारा झाला की पोटात आम्ल बनते, ते वाढत जाते आणि जनावर दोन दिवसांत दगावते. मायेने खाऊ घातलेली भाकरी त्याला मारते. बादलला औषध पाजले, इंजेक्शन दिले, तो वाचला. डॉक्टरांनी सांगितलेले मी इथे देते. नवे जनावर आणल्यावर आधीच्या मालकाला विचारून तोच चारा चालू ठेवा. सुका चारा, म्हणजे तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट आणि पाला, हेच मुख्य. धान्य द्यायचेच तर मूठभरापासून, आठवडाभरात हळूहळू. पाणी भरपूर, सावली भरपूर. वर्षभर शेळ्या पाळणाऱ्यांनी पीपीआरची लस टोचून घ्यावी आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची. अडचणीत १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. पोट फुगल्यावर गोडेतेल पाजण्याचे घरगुती उपाय करत रात्र काढू नका. तेल श्वासनळीत गेले तर ते आणखी वाईट.

त्या रात्री मुलगा झोपला नव्हता. सकाळी दवाखान्यात जाताना त्याने मला विचारले, "बादल मेला तर काय होईल?" मी म्हटले, "वाईट वाटेल." तो म्हणाला, "पण ईदला तर..." आणि गप्प झाला.

घरातल्या मोठ्यांचे म्हणणे होते की लहान आहे, सांगू नका, 'बादल गावाला गेला' म्हणू. माझ्या लहानपणी मला असेच सांगितले होते. मी त्या गावाचे नाव विचारत कित्येक दिवस फिरत होते, आणि खरे कळले तेव्हा बोकडापेक्षा फसवल्याचे दुःख जास्त झाले. म्हणून मी त्याला सांगितले. बादल कुर्बानीसाठी आणला आहे. तो आजारी, लंगडा, अंध किंवा खंगलेला चालत नाही, म्हणजे त्याला नीट ठेवणे हे आपले काम. त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही, दुसरे जनावर त्याच्यासमोर कापायचे नाही, असे सक्त सांगितले आहे. त्याने विचारले, "मग हरणाची कुर्बानी का नाही करत?" मला उत्तर ठाऊक नव्हते. मशिदीत विचारून अब्बांनी सांगितले की हरीण खाणे हलाल असले तरी त्याची कुर्बानी होत नाही. कुर्बानी फक्त अनआममधली, म्हणजे उंट, गोवंश-म्हैस, मेंढी, शेळी. हे वाचकांतल्या जाणत्यांना नवे नसेल. मी मात्र तेव्हा प्रथमच हा मुद्दा नीट पाहिला. ही चारही माणसाच्या दावणीची, माणसाने चारा-पाणी केलेली जनावरे आहेत. रानातून फुकट मिळवलेले जनावर तिथे चालत नाही.

कोंबड्या आणि कबुतरे यांच्याविषयी थोडक्यात. आपल्या गावरान कोंबडीचा पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण पिवळे पाय आणि पिवळी कातडी देणारा जनुक तिला आला तो आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून, हे २००८ मध्ये उघड झाले. खुडूक झालेल्या कोंबडीला अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या जागेवर बसून राहते, हे तुम्ही पाहिलेच असेल. खुराड्यात कोण कुणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते आणि नवी कोंबडी आणली की सगळी उतरंड पुन्हा लढून ठरवावी लागते. माझ्या सासरच्या मोठ्या कुटुंबात मला हे समजायला वेळ लागला नाही! कबुतरांचे म्हणाल तर नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे पोषण पिल्लांना भरवतात. बाप दूध पाजणारा दुसरा पक्षी तुम्हाला सहज दाखवता यायचा नाही.

आता मिट्ठू. पाथरीला माझ्या माहेरी दादीचा पोपट होता. मी पाच वर्षांची असताना फेरीवाल्याकडून दादीने तो घेतला, पिसेही नीट न फुटलेला. घरात आम्ही दखनी बोलतो आणि बाहेर मराठी, तर मिट्ठू दोन्ही बोले. दाराची कडी वाजली की "कौन है?" आणि भाजीवाली आली की तिच्याच आवाजात "मेथी घ्या, मेथी." दूधवाला दोनदा त्याच्या हाकेला फसून ओट्यावर येऊन उभा राहिला होता. आनंदला की त्याच्या डोळ्याची बाहुली बारीक-मोठी, बारीक-मोठी होई. दादी त्याला बेटा म्हणे. नर पोपटाच्या गळ्याभोवती साधारण तीन वर्षांनी गुलाबी-काळा कंठ उमटतो. मिट्ठूचा कंठ चार वर्षे झाली, पाच झाली तरी उमटला नाही, तेव्हा कळले की तो मादी आहे. नाव तेच राहिले, बेटाही तेच.

पण मला आज आठवते ती संध्याकाळ. सूर्य बुडताना पोपटांचे थवे गोदाकाठाकडे ओरडत जात. तेवढा वेळ मिट्ठू ना दखनी बोले ना मराठी. पिंजऱ्याच्या पश्चिमेकडच्या गजांना चोचीने आणि पायांनी लटकून तो त्यांच्या आवाजात ओरडे, थवा दिसेनासा होईपर्यंत. रोज. वीस वर्षे. आम्ही म्हणायचो, मिट्ठू गातो.

पोपट पाळीव जात नाही. तो बोलतो म्हणून तो माणसाळला, असे आपल्याला वाटते. पोपट थव्यात राहणारा पक्षी. थव्यातल्यांचे आवाज उचलणे हा त्याचा स्वभाव, आणि आपण त्याला दुसरा थवाच ठेवलेला नसतो. बाजारात येणारी पिल्ले झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, आणि तिथून पिंजऱ्यापर्यंत पोहोचताना बरीच मरतात. १९७२ हे साल परभणीकरांना दुष्काळाचे म्हणून आठवते. त्याच साली इथे कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपले देशी पोपट त्या कायद्याच्या संरक्षणात येतात. ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. कितीतरी सज्जन घरांत हे ठाऊकच नाही. माझ्या दादीला नव्हते.

पक्षी पाळण्याला दीनमध्ये मनाई आहे, असे मी म्हणत नाही. अबू उमैर नावाच्या लहान मुलाने चिमुकला पक्षी पाळला होता आणि प्रेषित (स.) त्याची आपुलकीने चौकशी करत. त्यावरून, चारा-पाणी नीट असेल तर पक्षी ठेवता येतो, असे विद्वानांनी म्हटले आहे. हौसच असेल तर बजरी आहेत. मूळ ऑस्ट्रेलियातला हा पक्षी १८४० च्या सुमारास इंग्लंडला नेला गेला आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्याच्या पिढ्या होत आल्या. तोही जोडीने ठेवावा, एकटा नको. मात्र घरात देशी पोपट असेल तर हे वाचून लगेच पिंजरा उघडू नका. पंख कापलेला, रानात खाणे शोधता न येणारा पक्षी कावळे-मांजरे तासाभरात संपवतील. वन विभागाला कळवा, ते त्याची सोय करतात.

मिट्ठू गेला तेव्हा दादी आठवडाभर जेवली नाही नीट. माया खोटी नव्हती. पण त्या दुसऱ्या हदीसमधल्या दोन गोष्टींपैकी खाऊ घालण्याची एक गोष्ट आम्ही वीस वर्षे मनापासून केली आणि दुसरी आमच्या लक्षातच आली नाही. हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ मानोकडे बघत बसला. ती नेहमीप्रमाणे भिंतीवरून कुठेतरी निघून चालली होती.

ईदच्या आदल्या रात्री त्याने बादलला सुबाभळीचा शेवटचा पाला खिडकीला बांधून दिला. सकाळी थांबायचे की नाही, हे मी त्याच्यावर सोडले. तो थांबला नाही. नमाजनंतर चुलत भावांबरोबर नानीकडे गेला. दुपारी आला, खुंट्याकडे पाहिले आणि आत येऊन वाटे पोचवायला माझ्याबरोबर निघाला. शेवटच्या गल्लीतल्या म्हातारीच्या घरी त्याने स्वतः पिशवी दिली. म्हणाला, "आमच्या बादलचं आहे." तिथे मात्र त्याला रडू आले. म्हातारीने त्याला जवळ घेतले.

दावे अजून खुंट्यालाच आहे. पुढच्या वेळी मोठा बोकड नको, करडूच आणू या, म्हणजे वर्षभर आपणच वाढवू, असा त्याचा हट्ट चालला आहे. त्याचे अब्बा तयार आहेत. मी अजून हो म्हटलेले नाही.